भारतीय चलनी नोटांवरील राष्ट्रप्रतिमा आणि महाराष्ट्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
चलनी नोट हे विनिमयाचे साधन असले तरी तिच्यावरील चित्र ही राज्यसंस्थेने केलेली इतिहासाची निवड असते. या निवडीत महाराष्ट्राला कोणत्या स्वरूपात स्थान मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राजमुद्रेकडून राष्ट्रपुरुषाकडे :
रिझर्व्ह बँकेने जानेवारी १९३८ मध्ये काढलेल्या पहिल्या नोटेवर सहाव्या जॉर्जचे चित्र होते. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी महात्मा गांधींचे चित्र घेण्याचा विचार होऊन तशी संकल्पचित्रेही तयार झाली. परंतु अखेर सारनाथच्या सिंहशीर्षावर एकमत झाले आणि १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर ते प्रथम अवतरले. गांधीजी नोटेवर आले ते १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने. त्या चित्रात बसलेल्या गांधीजींमागे वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रम होता. १९९६ च्या 'महात्मा गांधी मालिके'पासून त्यांचे चित्र स्थिर झाले. आश्रमाची पार्श्वभूमी मात्र उरली नाही.

महाराष्ट्रातील स्थळे आणि टप्पे :
१९५४ च्या पाच हजार रुपयांच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया होते. पंचम जॉर्जच्या १९११ मधील आगमनाचे हे स्मारक प्रजासत्ताकाने आपल्या चलनावर घेतले, ही बाब लक्षणीय आहे. ही नोट १९७८ मध्ये रद्द झाली. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल शोधणारे 'सागर सम्राट' हे तेलविहीर-जहाज एक रुपयाच्या नोटेवर आले, तर २०१९ च्या वीस रुपयांच्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत. या सर्वांबरोबर नाशिक रोडचाही उल्लेख आवश्यक ठरतो. तेथे १९२८ पासून नोटांची छपाई होत आली आहे.

व्यक्तींचे स्थान :
डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१९९०), छत्रपती शिवाजी महाराज (१९९९) व लोकमान्य टिळक (२००७) यांच्या प्रतिमा नाण्यांवर आल्या, नोटांवर नाही. नाणे प्रसंगोपात्त स्मारक होऊ शकते. नोटेचा दर्शनी भाग मात्र १९९६ नंतर एकाच प्रतिमेसाठी राखला गेला. नोटेची रचना रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार मंजूर करते. त्यामुळे ही निवड केवळ कलात्मक नसून धोरणात्मकही आहे.

समारोप :
महाराष्ट्र नोटांवर आला तो व्यक्तींच्या रूपाने नव्हे, तर आश्रम, उद्योग आणि शिल्प यांच्या रूपाने. एका चेहऱ्यामुळे थोर पुरुषांतील तुलना टळली, परंतु अनेक परंपरांना दर्शनी भागावर जागा उरली नाही. त्यांची बहुविधता मागील बाजूस स्थळांतून व्यक्त झाली. म्हणूनच इतिहासाच्या अध्यापनात कोणाचे चित्र आहे याबरोबरच कोणाचे नाही, हा प्रश्नही विचारला जाणे अगत्याचे आहे.