पोवाड्यातील युद्ध आणि युद्धामागचे घर

मराठी मुलखात युद्धाची वार्ता आणि त्याची आठवण या दोन्ही गोष्टी दीर्घकाळ शाहिरांच्या स्वाधीन होत्या. पोवाडा, म्हणजे वीराच्या पराक्रमाचे गाऊन केलेले कथन, मुख्य शाहीर डफाच्या थापेवर सांगत असे आणि मागे तुणतुणे घेऊन उभे असलेले साथीदार झील धरत, म्हणजे ओळीचा शेवट उंच सुरात उचलून लांबवत. उपलब्ध शिवकालीन पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जाणारा पोवाडा अज्ञानदासाने १६५९ च्या अफजलखानवधावर रचला आणि त्याबद्दल त्याला घोडा व सोन्याचा तोडा मिळाला, अशी परंपरा आहे. बक्षीस विजयी पक्षाच्या हातून येत असल्यामुळे कवनाने त्याच पक्षाचा जयजयकार करावा, हे ओघानेच आले.

तथापि तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात या जयजयकाराला वेगळी किनार आहे. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्याने कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, जिंकताना देह ठेवला, ही इतिहासाची नोंद झाली. शाहीर मात्र कथेचा आरंभ मोहिमेपासून न करता तानाजीच्या मुलाच्या, रायबाच्या, लग्नाच्या तयारीपासून करतो. कडा चढणारी घोरपड याच पोवाड्याने घरोघर पोहोचवली, जरी सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत तिचा उल्लेख नाही. इतिहासकारांनी घोरपडीची चिकित्सा पुष्कळ केली, पण लग्नघराकडे त्यांचे फारसे लक्ष गेले नाही आणि ही खरोखर खंत वाटावी अशी गोष्ट आहे. कारण ज्या घरी आमंत्रणे निघाली त्याच घरचा कर्ता माणूस परत येत नाही, एवढ्या एका रचनेतून युद्धाची किंमत श्रोत्याच्या काळजाला भिडते. त्यासाठी शाहिराला वेगळा शोक मांडावा लागत नाही.

पेशवाईच्या उत्तरार्धात १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईवर अनंत फंदी यांनी पोवाडा रचला, तेव्हा गाण्याला विजय होता आणि ऐकायला दरबारही होता. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई हरल्यावर पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले, पुढल्या वर्षी दुसरा बाजीराव सालिना आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला रवाना झाला आणि शाहिरांचा मोठा आश्रय संपला. प्रभाकराने याच ऱ्हासावर पोवाडा रचला. जिंकणाऱ्यासाठी घडलेला हा काव्यप्रकार पराभव सांगू लागला तेव्हाच तो खऱ्या अर्थाने प्रौढ झाला, असे म्हणावे लागते.

ही कवने पुढे मुख्यतः गोंधळी आणि शाहीर यांच्या तोंडी टिकली. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने ती जमवून १८९१ मध्ये ग्रंथरूपाने छापवणारे हॅरी अॅक्वर्थ हे, ज्या इंग्रजांनी पेशवाई बुडवली, त्यांच्याच राजवटीतील मुलकी अधिकारी होते.