कालवा आला, पुढे काय?

१९७६ साली जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले आणि डाव्या कालव्याने गोदावरीचे पाणी अंबड-घनसावंगीच्या शिवारात आले. पण पाण्याने नुसता ऊस वाढतो. तोडल्यावर तो वेळेत गाळला नाही, तर वजनही घटते आणि साखरही. म्हणजे कारखाना जवळच हवा! १९९१ साली जालन्यातून लोकसभेवर गेलेले अंकुशराव टोपे यांनी ही गरज ओळखली. त्यांच्या पुढाकाराने 'समर्थ' सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या नावाने त्यांनी शिक्षणसंस्थाही काढली.

उत्तरेकडच्या भोकरदन-जाफराबादला मात्र हा कालवा पोचत नाही. तिथला कोरडवाहू शेतकरी आभाळाकडेच बघतो. पुढाऱ्याच्या कामाचा हिशेब मांडताना हे दोन्ही शेतकरी ध्यानात ठेवायला हवेत, नाही का?