झुबिन मेहता, अँथनी गोन्साल्विस आणि १९५८

कंडक्टर म्हटलं की आपल्याला एसटीतला आठवतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातला कंडक्टर वेगळा. तो काहीच वाजवत नाही. समोरची ऐंशी-शंभर माणसं वाजवतात. कुणी कधी सुरू करायचं, लय किती, जोर किती, हे तो हातातल्या छोट्या काठीने सांगतो. आमच्या कामोठ्यात वरातीपुढे चालणारा बँडमास्टर निदान स्वतः वाद्य तरी हातात धरतो. (या धंद्यात मुस्लिम कलाकार किती आहेत, हे वाचकांना सांगायला नको.) सतारिया घरी बसून रियाज करू शकतो. कंडक्टरला रियाजासाठीही दुसऱ्यांचा वाद्यवृंद लागतो. झुबिन मेहतांची पहिली तीस वर्षं मला या एका गोष्टीमुळे समजतात. त्यांच्या चरित्रातला मला सर्वांत खटकणारा भागही याच गोष्टीपाशी येऊन थांबतो.

झुबिन यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. हा वाद्यवृंद म्हणजे त्या काळच्या मुंबईचा नमुनाच होता. हौशी पारशी, पोटासाठी वाजवणारे गोवेकर ख्रिस्ती, शिवाय नौदलाच्या बँडमधले वादक. त्याच वर्षांत वॉल्टर कॉफमन हा युरोपातून आलेला ज्यू संगीतकार मुंबईत होता. आकाशवाणीची सकाळची ती ओळखधून त्याची, आणि तिच्यातलं व्हायोलिन मेहलींचं, असं सांगितलं जातं. म्हणजे झुबिन मेहतांचं नाव न ऐकलेल्यांनीही त्यांच्या वडिलांचं व्हायोलिन ऐकलेलं असणार.

पोरगा या तालमींमध्येच वाढला. सोळाव्या वर्षी तो वडिलांच्या वाद्यवृंदाची तालीम घेत होता. घरच्यांना मात्र डॉक्टर हवा होता, म्हणून त्याला सेंट झेवियर्समध्ये विज्ञानाला घातलं. दोन वर्षांत ते सुटलं आणि १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, झुबिन व्हिएन्नाला गेला. थोड्याच काळात मेहलीही मुंबई सोडून मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वादक म्हणून रुजू झाले. ज्याने मुंबईला वाद्यवृंद दिला, त्यालाच मुंबईत व्हायोलिनवर जगता आलं नाही. याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. मुलाचं कौतुक करणं सोपं असतं.

व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्की हे गुरू. सोबत डबल बास हे वाद्यही शिकायचं होतं. मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमींना विद्यार्थ्यांना प्रवेश नसे. मग झुबिन आणि त्याचा इटालियन सहाध्यायी क्लाउडिओ आबादो, दोघे गायकवृंदात शिरले. गाता गाता समोरून ब्रुनो वॉल्टर आणि कारायान यांचे हात बघायचे! १९५६ मध्ये हंगेरीतला उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला आणि निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले. वीस वर्षांच्या झुबिनने काही दिवसांत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवला आणि व्हिएन्नाजवळच्या एका छावणीत जाऊन त्या निर्वासितांपुढे कार्यक्रम केला. ही छावणी लक्षात ठेवा.

१९५८ मध्ये लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकली. बक्षीस म्हणजे तिथल्या वाद्यवृंदात वर्षभराची सहायकाची जागा.

त्याच १९५८ मध्ये मुंबईत काय चाललं होतं? मानसरोवरहून हार्बर लोकल धरली की सीएसएमटीला उतरून झेवियर्स कॉलेज पायी काही मिनिटांवर आहे. झुबिनने जे कॉलेज अर्ध्यावर सोडलं, त्याच्याच चौकात त्या वर्षी अँथनी गोन्साल्विस शंभरावर वादकांपुढे उभा होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक १९४३ मध्ये नौशादसाहेबांच्या ताफ्यात आला आणि सिनेमाच्या स्टुडिओंत मोठा झाला. तिथेच त्याला हिंदुस्थानी राग भेटले. रागांवर बेतलेल्या सिम्फनी त्याने लिहिल्या, इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला उभं केलं. माझ्या मते लिव्हरपूलच्या बक्षिसाइतकीच ही मोठी घटना होती. पण पगार देणारी संस्था पाठीशी नव्हती, ना सरकार, ना शेठजी. वाद्यवृंद टिकला नाही. साठच्या दशकात गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेला, पुढे गावी परतला आणि २०१२ मध्ये वारला. लोकांना तो माहीत आहे तो शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात त्याचं नाव आणलं म्हणून.

झुबिनचं नशीब उघडलं ते बदली कंडक्टर म्हणून. १९६० मध्ये माँट्रियलला मार्केविच येऊ शकले नाहीत, तिथे हा उभा राहिला. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला फ्रिट्झ रायनर आजारी पडले, तिथेही हाच. दोन्ही वाद्यवृंदांनी त्याला ठेवून घेतलं. लॉस एंजेलिसला तर नियोजित संचालक जॉर्ज शोल्टी रागावून निघून गेले, कारण त्यांना न विचारता या पोराची सहायक म्हणून नेमणूक केली होती. १९६२ मध्ये सव्विसाव्या वर्षी तो तिथला संगीत संचालक झाला. अशी बदली आयत्या वेळी निभावायला संपूर्ण स्वरलेखन डोक्यात असावं लागतं.

त्याच १९६१ मध्ये तिसरी बदली आली, युजीन ऑर्मंडी यांच्या जागी, इस्राएल फिलहार्मोनिकसमोर. हा वाद्यवृंद १९३६ चा, झुबिनच्याच वयाचा. नाझींपासून पळालेल्या ज्यू वादकांसाठी काढलेला, आणि तेव्हाचं त्याचं नाव पॅलेस्टाईन ऑर्केस्ट्रा. पुढे अनेक दशकं झुबिन त्याच्याशी बांधले गेले. जून १९६७ चं युद्ध पेटलं तेव्हा ते सगळं सोडून तिकडे धावले आणि युद्धानंतरच्या विजयाच्या मैफलीत बारेनबॉइम आणि जॅकलिन द्यू प्रे यांच्यासोबत उभे राहिले. ज्या वाद्यवृंदाने आपल्याला उभं केलं, त्याच्या संकटात धावून जाणं मी समजू शकतो. पण युद्धात एका बाजूच्या विजयासाठी वाजवणं हे राजकारणच. बीथोव्हेन वाजवल्याने ते निराळं होत नाही. त्या जूनमध्ये लाखो पॅलेस्टिनी घराबाहेर पडले होते. अकरा वर्षांपूर्वी हंगेरियन छावणीत गेलेला तरुण त्यांच्या छावणीत गेला नाही.

खूप उशिरा, २००९ च्या सुमारास, नाझरेथ आणि शफाअम्र या गावांतल्या अरब मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवण्याचा एक उपक्रम मेहतांच्या पुढाकाराने सुरू झाला. ‘मिफ्ने’ असं त्याचं नाव. हिब्रूत त्याचा अर्थ वळण.