कंबोडियाच्या आधी पवनी!

कंबोडियाचा प्लॅन करताय? मग अंकोरला नागाच्या वेटोळ्यावर ध्यानाला बसलेले बुद्ध जागोजागी दिसतील. हा नाग म्हणजे मुचलिंद. वादळी पावसात त्याने बुद्धांवर फणा धरला, अशी कथा आहे.

हाच मुचलिंद आपल्या भंडारा जिल्ह्यात, पवनीलाही सापडलाय! १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केलं, तेव्हा स्तूप उजेडात आले. तिथल्या दगडावर नाग कोरलाय, सोबत ब्राह्मीत त्याचं नाव. पण फण्याखाली बुद्ध नाहीत, रिकामं आसन आहे! कारण तेव्हा बुद्धांची मूर्ती घडवायची पद्धतच नव्हती. म्हणजे अंकोरच्या हजारेक वर्षं आधीचं हे काम.

आधी पवनीची एसटी पकडा, मग विमान. अंकोरचा नाग ओळखीचा वाटेल.