सयानी रोडवरचे सयानी कोण होते?

प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरात नाटक पाहायला जाणाऱ्यांना सयानी रोड माहीत असतो. पण हे सयानी कोण, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. त्यात आपले मुसलमान बांधवही आले. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

रहिमतुल्ला महंमद सयानी यांचा जन्म १८४७ चा. ते मुंबईच्या खोजा समाजातले. या समाजाची बोली कच्छी-गुजराती, त्यामुळे ते आपल्या अर्थाने मराठी मुसलमान नव्हते. पण त्यांनी आयुष्यभर काम केलं ते याच शहरात. कायदा शिकून ते सॉलिसिटर झाले. त्या काळी मुंबई हायकोर्टात कोर्टापुढे उभं राहून बोलायचं काम बॅरिस्टरचं असे. सॉलिसिटरचं काम त्याआधीचं. पक्षकाराचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं, समोरचा काय म्हणेल हे ओळखायचं आणि सगळं कागदावर नीट उतरवायचं. सयानींचं पुढचं राजकारण समजून घ्यायला हा व्यवसाय लक्षात ठेवायला हवा.

१८८५ च्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. प्रतिनिधी ७२, त्यात मुसलमान दोन. त्या दोघांपैकी एक सयानी. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आज ज्याला आपण महापौर म्हणतो, तेच हे पद. 'मेयर' हे नाव त्याला १९३१ मध्ये मिळालं.

या पदाचं मोठेपण फुगवून सांगण्यात अर्थ नाही. कारभाराची खरी सूत्रं सरकारने नेमलेल्या कमिशनरच्या हाती असत. मत द्यायचा हक्क ठरावीक कर भरणाऱ्यांनाच होता. मदनपुऱ्यात हातमागावर बसणाऱ्या गरीब मोमिनाला सयानींच्या निवडीत काही विचारलं गेलं नव्हतं. पण त्या सभागृहात पारशी होते, हिंदू होते, इंग्रज होते. मुसलमान थोडे. मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ आले ते पुढे १९०९ च्या कायद्याने. म्हणजे सयानी त्या खुर्चीवर बसले ते इतर समाजांच्या पाठिंब्यावर. फिरोजशहा मेहता त्यांच्या आधी तिथे बसले होते, काशीनाथ त्र्यंबक तेलंग नंतर बसले. तिघेही कायद्याची माणसं.

आता त्याच सुमारास उत्तरेत काय चाललं होतं ते पाहा. डिसेंबर १८८७ मध्ये लखनौला आणि मार्च १८८८ मध्ये मेरठला सर सय्यद अहमद खान यांनी मुसलमानांनी काँग्रेसपासून लांब राहावं, असं जाहीरपणे सांगितलं. त्यांचा मुद्दा साधा होता. स्पर्धा परीक्षेने नोकऱ्या आणि मतांनी प्रतिनिधी ठरू लागले, तर शिक्षणात मागे आणि संख्येने कमी असलेल्या समाजाचं काय होणार? सर सय्यदांना दोष देणं आज सोपं आहे. पण हा प्रश्न खोटा नव्हता. आजही तो पुरता मिटलेला नाही.

सयानींनी त्याला उत्तर दिलं ते १८९६ मध्ये, कलकत्त्याच्या बाराव्या अधिवेशनात. बद्रुद्दीन तय्यबजींनंतर काँग्रेसचे ते दुसरे मुसलमान अध्यक्ष. त्यांच्या भाषणाचा एक मोठा भाग मुसलमानांवर आहे, आणि तिथे त्यांच्यातला सॉलिसिटर दिसतो. मुसलमान काँग्रेसमध्ये का येत नाहीत, याचे आक्षेप त्यांनी एकामागून एक मांडले आणि मग एकेकाला उत्तर दिलं. 'आमच्या लोकांना कळत नाही' असं म्हणून ते मोकळे झाले नाहीत. राज्य गेल्यावर समाजाच्या मनाला बसलेला धक्का, इंग्रजी शिक्षणाकडे फिरवलेली पाठ आणि त्यामुळे आलेलं मागासलेपण, हे सगळं त्यांनी सांगितलं. उपाय सांगितला तो शिक्षणाचा.

याच अधिवेशनात रवींद्रनाथ टागोरांनी 'वंदे मातरम्' गायलं. काँग्रेसच्या व्यासपीठावर ते पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा अध्यक्ष होते सयानी. या गीतावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या दोन्ही बाजूंना हा तपशील क्वचितच माहीत असतो. आणि आज सयानींच्या नावाच्या रस्त्यावर जे नाट्यगृह उभं आहे, ते आहे त्याच रवींद्रनाथांच्या नावाचं.

सयानी कलकत्त्यात बोलत होते, तेव्हा मुंबई प्लेगने हादरली होती. सप्टेंबरात मांडवीत रोग सापडला आणि लोक शहर सोडून पळू लागले. गटार, पाणी, दाटीवाटीच्या चाळी हे विषय जिवामरणाचे ठरले. तिथे कोण कुठल्या धर्माचा हे रोगाने विचारलं नाही.

सयानी १९०२ मध्ये गेले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९४२ मध्ये, याच खोजा समाजातले युसुफ मेहेरअली मुंबईचे महापौर झाले. तेही कायदा शिकलेले, पण त्यांच्या राजकारणामुळे इंग्रजांनी त्यांना वकिलीच करू दिली नाही. निवडणुकीच्या वेळी ते लाहोरच्या तुरुंगात होते. सयानी कायद्याच्या चौकटीत राहून सरकारशी बोलले, मेहेरअलींनी 'भारत छोडो'ची घोषणा दिली. मार्ग वेगळे, पण दोघांनाही सगळ्या शहराने आपलं मानलं.

मी राहतो ते घाटकोपर सयानींच्या काळात मुंबईच्या हद्दीतच नव्हतं. ते महापालिकेत आलं १९५० मध्ये. आज इथल्या आपल्या वस्त्यांत चर्चा होते ती दिल्लीची आणि टीव्हीवरच्या वादांची. वॉर्डाचं बजेट कुणी वाचत नाही. नगरसेवकाकडे आपण जातो ते दाखल्यावर सही घ्यायला. सयानी देशाच्या राजकारणात मोठे झाले, पण शहराचा कारभार त्यांनी कधी हलका मानला नाही. शेजाऱ्यांचा विश्वास त्यांनी तिथेच मिळवला, आणि आपल्या माणसांची भीती मोठ्या सभेत स्पष्ट मांडायची हिंमतही त्यांच्यात होती. आपल्यातल्या ज्या मुलामुलींच्या हाती आज एलएलबीची पदवी आहे, त्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र करून पाहाव्यात. मग रस्त्याच्या पाटीवरचं ते नाव परकं वाटणार नाही.