मेजाची खालची फळी

लिहिण्यावाचण्याच्या मेजाकडे पाहतांना आपली दृष्टि वरच्या फळीवर खिळते. खालची फळी ही वर्तमानपत्रें ठेवण्यासाठीं कोणीं मागाहून केलेली सोय असावी, असें आपण समजतों. आमचीहि समजूत बरेच दिवस तशीच होती. परंतु मेजांचा पूर्वेतिहास चाळतांना हें मत आम्हांस सोडावें लागलें.

मध्ययुगीन इंग्लंडांत जेवणाचें मेज म्हणजे लांकडी घोड्यांवर टाकलेल्या फळ्या. जेवण आटोपलें कीं त्या उचलून ठेवीत. १६ व्या व १७ व्या शतकांत एका जागीं राहणारीं मेजें रूढ झालीं, तेव्हां पाय फांकूं नयेत म्हणून जमिनीलगत आडपट्ट्या घालूं लागले. गार फरशीवर पाय टेकण्यापेक्षां लोक ते या पट्ट्यांवर ठेवीत, हा लाभ निराळा! सांध्यांचें महत्त्व एवढें कीं, १६३२ मध्यें लंडनच्या नगरसभेस कारागिरांच्या दोन संघांचें भांडण तोडावें लागलें. कुसूं व खाच करून, सरसानें सांधलेलीं मेजें 'जॉइनर' मंडळींकडे गेलीं. खिळे मारून केलेलीं 'कार्पेंटरां'कडे राहिलीं.

ही आडपट्टी रुंद होऊन तिचीच फळी झालेली आम्हांस सर्वांत उघडपणें दिसते ती अमेरिकेंत, गुस्ताव स्टिकली (१८५८–१९४२) याच्या ओकच्या मेजांत. सांधा लपवूं नये, तोच अलंकार समजावा, हें त्याचें मत. त्याच्या कित्येक मेजांत फळीचें कुसूं बाजूच्या पट्टीतून आरपार निघतें, आणि बाहेर आलेल्या टोकांत पाचर ठोकलेली असते. यांत मोठी समज आहे. लांकूड ओलाव्यानें फुगतें तें रुंदीकडे. लांबी जवळजवळ बदलत नाहीं. म्हणून पाचरीची ओढ लांबीच्या दिशेनें ठेवावी व रुंदीला थोडी मोकळीक द्यावी. तसें न करतां चारहि पायांस घट्ट खिळविलेली फळी पावसाळ्यांत पायांना रेटते आणि उन्हाळ्यांत चिरते. पाचर सैल झाली तर मात्र एक ठोका पुरतो.

ऑक्टोबर १९०१ मध्यें त्यानें 'दि क्राफ्ट्समन' हें मासिक काढलें. पहिला अंक विल्यम मॉरिसला वाहिलेला, दुसरा रस्किनला. पुढें तर वाचकांनीं घरीं सामान करावें म्हणून तो आराखडेहि छापूं लागला. गिऱ्हाइकास आपलेंच दुकान टाळावयास शिकविणारा असा कारखानदार आम्हीं दुसरा पाहिला नाहीं! त्याच्या कारखान्यांत यंत्रें होतीं, हें त्यानें लपविलें नाहीं. लपवालपवी केली ती अनुकरण करणाऱ्यांनीं. कित्येक कारखान्यांनीं कुसवाचीं नुसतीं टोकें बाहेरून चिकटविलीं. स्टिकलीनें १९१३ मध्यें न्यूयॉर्कला बारा मजली इमारत थाटली, तोंच लोकांची अभिरुचि पालटली. १९१५ मध्यें त्याचें दिवाळें निघालें. १९१६ च्या अखेरीस मासिकहि बंद पडलें.

अशा जुन्या मेजाशीं खालीं वांकून पाचर हलवून पाहावी. चिकटविलेल्या टोकांतली पाचर कांहींच धरून ठेवीत नाहीं. खरी असेल तर ती निघते, आणि फळी सैल होऊन हातांत येते.