टाकीचा श्वास : इचलकरंजीची ‘मीरा’ आणि पेट्रोलच्या टाकीचे एक भोक

१९४९ साली इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या कल्पनेने एक छोटी मोटार उभी केली. तिचे नाव ‘मीरा’. दोघांपुरती जागा, इंजिन मागच्या बाजूला आणि हादरे सोसण्यासाठी पोलादी पाट्यांऐवजी रबर. पुढची दोन दशके आणि त्याहून अधिक काळ तिच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. बारा हजार रुपयांच्या आसपास सामान्य कुटुंबाला मोटार मिळावी, हे त्यामागचे गणित होते. कारखाना मात्र उभा राहिला नाही. १९५१च्या उद्योग कायद्यानंतर मोटार बनवण्याआधी सरकारी परवाना हातात असावा लागे, आणि तो या मोटारीच्या वाट्याला आला नाही.

ही कथा कोल्हापूर जिल्ह्यात पुष्कळदा सांगितली जाते आणि दरवेळी हळहळीवर संपते. आजच्या धाग्यात तिच्याकडे जरा निराळ्या बाजूने पाहू. कारखान्यातली मोटार विकत घेणाऱ्याला जे प्रश्न कधी दिसतच नाहीत, ते घरी मोटार बांधणाऱ्याला एकेक करून सोडवावे लागतात. त्यांतला दिसायला सर्वांत क्षुल्लक प्रश्न असा : पेट्रोलच्या टाकीत हवा कोठून यावी आणि वाफ कोठून जावी?

टाकीतून एक लिटर पेट्रोल गेले, की त्या जागी एक लिटर हवा आत यावी लागते. ती आली नाही तर आत निर्वात निर्माण होतो आणि इंधन येईनासे होते. जुन्या स्कूटरवाल्यांना हे पक्के ठाऊक आहे. टाकीच्या झाकणाचे बारीक भोक मातीने बुजले, की गाडी वीस-पंचवीस मिनिटे उत्तम चालते, मग आचके देत बंद पडते. रस्त्याकडेला थोडा वेळ उभी केली की हवा कुठून तरी झिरपते आणि गाडी पुन्हा मुकाट चालू होते. तोवर मिस्त्रीने कार्बोरेटर खोललेला असतो आणि प्लग बदललेला असतो. झाकण उघडताना ‘सुस्स’ असा आवाज आला, तर दुखणे तिथेच आहे हे समजावे.

मजा अशी, की मोटारीच्या बालपणी हे भोक मुद्दाम बंद ठेवले जाई. टाकी मागे आणि खाली, इंजिन पुढे. पेट्रोल वर चढणार कसे? म्हणून टाकीतच हवेचा दाब भरत. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टमध्ये गाडी सुरू करण्याआधी हातपंपाने हा दाब द्यावा लागे. फोर्डने १९०८च्या मॉडेल टीमध्ये हे सारे टाळले. टाकी आसनाखाली ठेवली, झाकणाला भोक ठेवले आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली वाहू दिले. स्वस्त आणि बिनबोभाट! फक्त पेट्रोल कमी असताना चढ आला, की गाडी वळवून उलट्या गिअरमध्ये चढवावी लागे. १९२०चे दशक संपत आले तसे इंजिनावरून चालणारे पंप आले. दसऱ्याला कोल्हापूरकरांना दिसणारी छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक त्यानंतरच्या, म्हणजे १९३०च्या दशकातली. पंपाने दाबाची गरज संपवली आणि टाकी उघडी झाली. झाकणाचे भोक हा जगभरचा रिवाज ठरला.

‘मीरा’ घडली ती या उघड्या टाकीच्या काळात. म्हणजे घरी मोटार बांधणाऱ्याला नियमांचा काच नव्हता. पण मार्गदर्शनही नव्हते. इंजिन मागे असेल तर टाकीला दोनच सोयीच्या जागा उरतात. मागे इंजिनाशेजारी ठेवली तर उष्णता आणि ठिणगी जवळ. पुढे ठेवली, जशी फोक्सवॅगन बीटलमध्ये होती, तर ती चालकाच्या पायांपुढे येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते आणि पायाशी साचते. अशा गाडीत झाकणाचे भोक डिकीच्या आत उघडणे म्हणजे रोज थोडी वाफ घरात घेणे होय.

म्हणून जाणकार बांधणारा भोकाऐवजी नळी काढतो. ती टाकीच्या सर्वांत उंच बिंदूवरून निघावी, टाकीच्याही वर एक वळसा घेऊन दुसऱ्या अंगाला जावी आणि मग खाली, पत्र्याबाहेर, सायलेन्सरपासून दूर उघडावी. हा वळसा शोभेचा नसतो. वळणावर पेट्रोल एका बाजूला धावते. नळी त्याच बाजूने सरळ खाली उतरली असेल तर पेट्रोल रस्त्यावर सांडते. गाडी उलटली तर काय, याचे उत्तर नळीतल्या छोट्या गोळीच्या झडपेत असते. उलटताच गोळी घरंगळून वाट बंद करते. नळीचे तोंड खाली वळलेले आणि जाळी लावलेले हवे, कारण कोल्हापूरचा पाऊस आणि मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी या दोघांनाही अशी उघडी नळी फार आवडते.

नळी केवढी असावी? इथे बरेच जण फसतात. लिटरला वीस किलोमीटर देणारी गाडी ताशी साठने धावली, तर मिनिटाला पन्नास मिलिलिटर पेट्रोल पिते. तेवढी हवा सुईच्या भोकातूनही येईल. पण पेट्रोल पंपावर मिनिटाला तीस-चाळीस लिटर आत येते आणि तेवढीच वाफ बाहेर पडू पाहते. सहाशेपट! म्हणून भरण्याच्या तोंडाजवळ दुसरी, जाड नळी लागते. ती नसेल तर पंपाची नॉझल खटखट बंद पडते किंवा पेट्रोल उसळून अंगावर येते.

आणि नळीच नसेल तर? कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. इथे टाकी घट्ट बंद करून आंबा घाटाने रत्नागिरीला उतरलो, तर तापमान तेच धरून बाहेरच्या हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. ऐकायला किरकोळ. पण ६० बाय ४० सेंटिमीटरच्या पत्र्यावर तो दीडशे किलोंच्या आसपास भरतो. दोन-तीन माणसे टाकीवर उभी राहावीत तसे. पातळ पत्रा आत बसतो, सांध्याचा डाग सुटतो.

उघड्या टाकीचा काळ संपवला तो लॉस एंजेलिसच्या धुरक्याने. १९५०च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की हवेतल्या हायड्रोकार्बनांवर ऊन पडून हे धुरके बनते. मग लक्ष गेले ते धुराड्यापलीकडे, उभ्या गाडीच्या टाकीकडे. कॅलिफोर्नियाने १९७०पासून आणि साऱ्या अमेरिकेने १९७१पासून नव्या मोटारींच्या टाकीची वाफ अडवायला लावली. तेव्हापासून नळीच्या टोकाला कोळशाचा डबा आला. उभ्या गाडीची वाफ कोळसा शोषून घेतो आणि इंजिन चालू झाले की ती परत ओढून जाळतो.

आपल्याकडे त्याच काळात, १९७०-७१मध्ये, मारुती या नावाच्या छोट्या मोटारीला वर्षाला पन्नास हजार गाड्यांचा परवाना-इरादा मिळाला, आणि इचलकरंजीची मोटार नमुन्यांतच राहिली. त्यामागच्या राजकारणावर स्वतंत्र धागा लिहावा लागेल. कोळशाचा डबा भारतात उशिरा रुळला; दुचाक्यांवर तर तो बीएस-४बरोबर, २०१७च्या सुमारास, सर्रास दिसू लागला. आजच्या बीएस-६ मोटारीला सीलबंद खोलीत उभे करून तिच्यातून निसटलेली वाफ मोजतात. मर्यादा किती? एका चाचणीला दोन ग्रॅम. म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडे अधिक पेट्रोल.

ही मर्यादा योग्यच आहे, असे माझे मत. पण तिने एक दार बंद केले हेही खरे. १९४९मध्ये घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणायला कारागिराचा हात पुरत असे. आज ज्या खोलीत दोन ग्रॅम वाफ मोजायची, ती खोलीच उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपच्या किमतीपलीकडची आहे. त्यामुळे घरची मोटार रस्त्यावरून सरकली आणि मैदानात गेली : कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवरच्या गो-कार्टमध्ये, किंवा २००७पासून चालणाऱ्या बाहा स्पर्धेसाठी अभियांत्रिकीची मुले जोडतात त्या गाड्यांत. कार्टमध्ये टाकी चालकाच्या दोन पायांमध्येच असते. अशा गाडीच्या तपासणीत इंजिनाचे कौतुक नंतर होते. टाकीची नळी कुठून निघते आणि कुठे उघडते, हे आधी पाहतात.